सँटा मैत्रिणीला टॅब देतो, मग मला रंगपेटीच का?

नागपूरच्या मनीषनगरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. घर ख्रिस्ती, मुलगी ११ वर्षांची, मुलगा ७ चा. दिवाळीचा आकाशकंदील उतरत नाही तोच मॉलमध्ये झाड उभं राहतं, शाळेत सीक्रेट सँटा सुरू होतो आणि मोबाइलवर सेल. मागच्या नाताळात मुलीने विचारलं, "सँटा माझ्या मैत्रिणीला टॅब देतो, मग मला रंगपेटीच का?" ताई गप्प बसल्या. आता विचारतात, सण कडू न करता मुलांना नाताळ म्हणजे खरं काय हे कसं शिकवायचं?

ताई, मी २८ वर्षं संडे स्कूल घेते, पण हा प्रश्न इतक्या नेमक्या शब्दांत फार थोड्या मुलांकडून ऐकला. तुमची लेक हावरी नाही. तिने हिशेब बरोबर मांडलाय. सँटा चांगल्या मुलांना देतो, मैत्रिणीला टॅब मिळाला, मला रंगपेटी. म्हणजे मी कमी चांगली. हा हिशेब तिच्या डोक्यात आपण मोठ्यांनी घातला. आधी तो काढा, अर्थबिर्थ नंतर.

११ व्या वर्षी खरं सांगून टाकायचं. पण "सँटाबिंटा काही नसतं, बाबाच आणतात" असं धाडकन नाही. तिला निकोलस सांगा. चौथ्या शतकातला मायरा गावचा बिशप. ते गाव आज तुर्कस्तानात आहे. त्याची पिढ्यान् पिढ्या सांगितली जाणारी कथा अशी: एका माणसाचं दिवाळं निघालं. घरात तीन मुली, लग्नाला हुंडा नाही, आणि त्या काळात त्याचा अर्थ मुली वाईट मार्गाला लागणार असाच होता. निकोलसने रात्री त्यांच्या खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा बापाने धावत जाऊन त्याला गाठलं, तेव्हा त्याने एवढंच मागितलं की हे कोणाला सांगू नकोस. हुंडा म्हटला की आपल्या पोरींना ही गोष्ट समजावून द्यावी लागत नाही. वर्गात इथे हमखास शांतता पसरते. पुढे डच लोकांचा हा 'सिंटरक्लास' अमेरिकेत जाऊन सँटा क्लॉज झाला. (त्याला लाल कपडे कोका-कोलाने घातले असं दर डिसेंबरात मोबाइलवर फिरतं. ते खरं नाही. लाल झग्यातला सँटा अमेरिकी मासिकांत त्याच्या कितीतरी आधी छापून येत होता. १९३१ पासूनच्या त्या जाहिरातींनी त्याला जगभर नेलं, एवढं मात्र खरं.)

आणि मग लेकीला म्हणा, आता तू खिडकीच्या बाहेरच्या बाजूला आलीस. निकोलसचा सण ६ डिसेंबरला. त्या दिवशी महापरिनिर्वाण दिन असतो, आमच्या गल्लीतली निम्मी पोरं सकाळी आजी-आजोबांबरोबर दीक्षाभूमीवर जातात, म्हणून आम्ही आमचं त्याच्या जवळच्या रविवारी उरकतो. प्रत्येक मुलाने एका माणसाला काहीतरी गुपचूप द्यायचं. स्वतःच्या गल्ल्यातून किंवा स्वतःच्या हातचं. पकडले गेलात तर बाद. युरोप-अमेरिकेत मुलांच्या मोज्यात संत्रं ठेवायची रीत आहे. ते संत्रं म्हणजे निकोलसचं सोनं असं सांगतात. तिकडच्या बर्फात डिसेंबरचं संत्रं ही चैनीची वस्तू होती. आपल्याकडे आंबिया बहाराची संत्री याच दिवसांत हातगाडीवर ढिगाने असतात, त्यामुळे नागपूरच्या पोराला निकोलस होणं फारच स्वस्तात पडतं. एका मुलाने तिसऱ्या मजल्यावरच्या एकट्या आजोबांच्या दारात सलग सहा दिवस एकेक संत्रं ठेवलं. सातव्या दिवशी आजोबांनी त्याच जागी रिकामी वाटी आणि 'चोरा, आज बिया काढून ठेव' अशी चिठ्ठी ठेवली. पोरगं बाद झालं, पण आता रोज संध्याकाळी त्यांच्याकडे कॅरम खेळायला जातं.

धाकट्याला आपणहून काही सांगायला जाऊ नका. त्याने सरळ विचारलं, तर मात्र खोटं बोलू नका. आणि एक गोष्ट आजपासूनच बंद करा: "नीट वागला नाहीस तर सँटा येणार नाही." माझा राग मॉलपेक्षा या वाक्यावर जास्त आहे. मॉल निदान आपण दुकान आहोत हे लपवत नाही. या वाक्याने मात्र आपण घरातच नाताळाची मजुरी करून टाकतो. इतकं चांगलं वागणं, तितकी भेट. नाताळची गोष्ट तर याच्या अगदी उलट आहे. देवदूत येशूच्या जन्माची बातमी घेऊन ज्या मेंढपाळांकडे आले त्यांनी कोणतं पुण्य केलं होतं? काहीच नाही. ते रात्रपाळीला होते, म्हणून जागे होते. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आपण रोज 'कृपा, कृपा' म्हणतो ती हीच: न कमावता मिळालेली.

हे मला शहाणपणाने सुचलं असं समजू नका, तोंडावर आपटून कळलं. सुरुवातीच्या वर्षांत मी वर्गात रिकामी गव्हाण ठेवत असे. बुटांचा खोका, बाहेरून तपकिरी कागद. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या, चार आठवड्यांत ज्याने एक चांगलं काम केलं त्याने तणसाची एक काडी आत टाकायची, म्हणजे २४ ला बाळासाठी मऊ अंथरूण तयार. पद्धत जुनी आहे, अनेक ठिकाणी चालते. माझ्या वर्गात दुसऱ्याच रविवारी तिचा बाजार झाला. पोरं काड्या मोजायला लागली. "मिस, याने फक्त पाणी भरलं आणि दोन टाकल्या!" एक पोट्टा घरून मूठभर तणसच घेऊन आला, म्हणे, आईने सांगितलं सगळ्यांपेक्षा जास्त पाहिजे. मी बसून विचार केला, तेव्हा ध्यानात आलं की दुकानाला नावं ठेवत मीच वर्गात दुकान उघडलं होतं.

पुढच्या वर्षी नियम बदलला. काडी टाकायची ती कोणी बघत नसताना. कशासाठी टाकली ते कोणाला सांगायचं नाही, मलासुद्धा नाही. आणि वाईट वागलं म्हणून काडी काढायची नाही. खोका खोलीच्या कोपऱ्यात, पडद्यामागे. त्या वर्षी काड्या कमी पडल्या. पण वर्ग सुटल्यावर एकेक जण "मिस, बाटली विसरली" म्हणून परत यायचा. चार रविवार मी कोणाकडे बाटली आहे की नाही ते पाहिलं नाही.

घरी हे करायचं असेल तर बाळ २४ च्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवू नका. रोज येता-जाता मुलांना ती जागा रिकामी दिसू द्या. दहा मिनिटांत दारात सामान येण्याच्या दिवसांत वाट बघायची ही एवढीच संधी उरली आहे. आगमनाच्या चार मेणबत्त्यांचं चक्र विकत आणायची गरज नाही. दिवाळीच्या उरलेल्या चार पणत्या ताटलीत मांडा, पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन. गव्हाणीचा देखावाही काही मुळात दुकानातून आलेला नाही. १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावात असिसीच्या फ्रान्सिसने खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणून तो उभा केला, कारण बाळ किती गैरसोयीत जन्मलं ते त्याला डोळ्यांनी बघायचं होतं.

आता मूळ गोष्ट. घरोघरी घोळ इथेच होतो असं मला वाटतं. आपण मुलांना 'अर्थ' सांगतो, गोष्ट सांगत नाही. "नाताळ म्हणजे प्रेम, शांती आणि वाटून घेणं" हे वाक्य शाळेच्या फळ्यावर ठीक. मुलाच्या हाती त्यातून काही लागत नाही. त्याला लूकच्या दुसऱ्या अध्यायातले दोनच शब्द द्या, बाळंते (बाळाला गुंडाळायचं फडकं) आणि उतारशाळा (वाटसरूंची मुक्कामाची जागा). वर्षभर पुरतात.

मी डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सांगते, घरी जाऊन आजीला नाहीतर आईला विचारा, मी जन्मलो तेव्हा मला कशात गुंडाळलं होतं? जमलं तर ते घेऊन या. दुसऱ्या रविवारी वर्गात काय काय येतं! धुऊन धुऊन मलमलीसारखी झालेली नऊवारी लुगड्याची चौकोनी फाळकी. हिरवट डाग न गेलेलं दुपटं. एकाने बाबाच्या बनियनचा तुकडा आणला, कारण घाईत तेच हाताशी होतं. ही सगळी बाळंती टेबलावर मांडायची, मुलांना हात लावून बघू द्यायचं, आणि मग वाचायचं की मरीयेने त्याला बाळंत्याने गुंडाळलं. त्याच्यासाठी सोनेरी झालर नव्हती. तुमचं होतं तसलंच एक फडकं होतं.

फडक्याबरोबर गोष्टीही येतात. एका मुलीच्या आजीने तिला सांगितलं होतं की तुझ्या आईला कळा सुरू झाल्या तेव्हा दवाखान्यात खाट नव्हती, व्हरांड्यात गादी टाकली, मी रात्रभर चादर धरून आडोसा केला. मुलगी हे सांगत असताना मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "म्हणजे येशूच्या आईलेपण बेड नाही भेटला." बाजूचा म्हणाला, "काऊन? ओळख नव्हती काय?" पाळकसाहेबांनी त्या वर्षी नाताळला चाळीस मिनिटं उपदेश केला. माझ्या मते त्या दोन पोट्ट्यांनी तो आधीच आटोपला होता.

उतारशाळा समजवायला नागपूरसारखं गाव नाही. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन डिसेंबरातच. सीताबर्डीच्या लॉजवर पाट्या लागतात, खोली मागायची सोय नाही. मोर्चाला आलेली माणसं कुठे मंडपात, कुठे फूटपाथवर पोतं अंथरून झोपतात, पारा १० च्या आसपास. मुलांनी हे शाळेच्या बसमधून रोज पाहिलेलं असतं. त्यांना सांगायचं, रोमचा बादशहा औगुस्त कैसर याने हुकूम काढला, प्रत्येकाने आपापल्या गावी जाऊन नाव नोंदवायचं; बेथलेहेम असंच भरलं; आणि दिवस भरलेली एक बाई दारोदार फिरली. मग विचारायचं, लॉजवाला वाईट होता का? यावर वर्गात भांडणं होतात, होऊ द्यावीत. माझं मत मी सांगत नाही. तुम्हाला सांगते: तो वाईट नव्हता, त्याचा सीझन होता.

पुढे हेरोद राजा आहे, मिसरला म्हणजे इजिप्तला पळून जाणं आहे. पालक म्हणतात हे कशाला सांगता, सणाच्या दिवशी? सहाखालच्या मुलांना मीही सांगत नाही. पण आठ-नऊच्या मुलाला एका वाक्यात सांगावं की राजा बाळाच्या जिवावर उठला होता, म्हणून आईबापांनी रातोरात देश सोडला. मंडळीच्या पंचांगात २८ डिसेंबर हा बेथलेहेमच्या मारल्या गेलेल्या बाळांच्या नावाचा दिवस आहे. गोड गोष्ट मुलं दहाव्या वर्षी टाकून देतात, भाबडी म्हणून. जिच्यात भीती आणि धावपळ आहे ती धरून ठेवतात.

गरिबांना दान करायला मुलांना नेऊ का, असंही तुमच्या पत्रात शेवटी आहे. इथे माझी दुसरी फजिती ऐका. एकदा २४ तारखेला वर्गातल्या पंचवीस मुलांना घेऊन मी एका बालगृहात गेले. केक, टोप्या, फुगे, फोटो. तिथला एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा माझ्या हातातला केक बघून अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, आजचा हा पाचवा आहे." मग आतल्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की डिसेंबरात इथे इतकं येतं की शिळं होतं, आणि जूनमध्ये वह्या-दप्तरांना कोणी फिरकत नाही. शिवाय रोज नवी माणसं येऊन पोरांना गाणं म्हणायला लावतात. परतताना आमची मुलं बसमध्ये खूष होती, मला तोंड वर करवत नव्हतं. तेव्हापासून आम्ही डिसेंबरात डबा ठेवतो, पैसे मुलांचेच, आणि शाळा उघडायच्या आधी बाईंना फोन करून काय हवं ते विचारतो. मागे एकदा फक्त छत्र्या हव्या होत्या. मुलं पोचवायला येत नाहीत, फोटो नाही. पालकांपैकी काहींना हे रुचत नाही, "मुलांना अनुभव मिळायला हवा" म्हणतात. दुसऱ्याचं पोर हे माझ्या पोराच्या अनुभवाचं साहित्य नाही, असं मी एकदा म्हटलं. त्या बाई अजून नीट बोलत नाहीत.

२४ च्या रात्री मात्र आम्ही मुलांना कामाला लावतो. उपासना सुटली की थर्मास, कागदी पेले आणि करंज्यांचा डबा घेऊन चर्चच्या आसपास जे जे रात्रपाळीला आहेत त्यांच्याकडे जायचं: बंदोबस्ताचे पोलीस, एटीएमचा चौकीदार, पेट्रोल पंपावरचा पोरगा, ऑटोस्टँड. मेंढपाळांची यादी आम्ही वर्गात आधीच केलेली असते. द्यायचं, "मेरी ख्रिसमस काका" म्हणायचं आणि पुढे जायचं. उपदेश नाही, पत्रक नाही.

भेटवस्तू द्यायच्याच नाहीत का? द्या की. मी काही संन्याशीण नाही. नाताळला नवे कपडे, केक, दारात चांदणी हे सगळं हवंच. बाळ जन्मलं की बारसं आपण सुतकासारखं करतो का? आमच्या घरी प्रत्येकाला एक वस्तू मिळते, आणि प्रत्येकाने एक स्वतः केलेली द्यायची. नातवाने मागच्या वर्षी मला 'चष्मा शोधून देण्याची दहा कूपनं' दिली. नऊ वापरून झाली. टॅब हवा असेल, अभ्यासाला लागत असेल, तर तो एप्रिलमध्ये घ्या, पावती दाखवून, बाबांच्या पगारातून. सँटाच्या नावावर घालू नका.

आणि मुलांचे हात कामात घाला. फराळ घरी करा. करंजीला मुरड घालायला ७ वर्षांचा मुलगा चालतो, फुटल्या चार तर फुटू दे. केकचं सामान कालवून बेकरीच्या भट्टीवर नेता येत असेल तर लेकीला बरोबर न्या. डब्यावर नावाची चिठ्ठी, रांगेत पुढे एका बाईंची नानकटाई, मागे कोणाचा तरी केक, भट्टीवाला लांब फावड्याने ट्रे ओढतो आणि थंडीत चेहऱ्यावर एकदम ऊब येते. तास-दीड तास जातो. अॅपवरून मागवलेल्या केकबरोबर हे येत नाही. मग ताटं झाकून शेजारी पोचवायला मुलांनाच पाठवा. दिवाळीला त्यांची ताटं आपल्याकडे आलेलीच असतात, आणि रिकामं ताट परत करायचं नाही हे त्यांनाही ठाऊक असतं.

गाणी हा माझा हळवा कोपरा. पोरं 'जिंगल बेल्स'च म्हणतात. म्हणू देत, चाल छान आहे, पण १८५७ साली छापलेल्या त्या गाण्यात ना नाताळ आहे ना येशू. बर्फातल्या घोडागाडीची मौज आहे. त्याच्या जोडीला 'उपासना संगीत' या आपल्या मराठी गीतांच्या पुस्तकातलं एखादं ना. वा. टिळकांचं पद पाठ करून घ्या. अभंगाच्या वळणाची असतात, टाळ वाजवत म्हणता येतात, आजीला येत असतात. नारायण वामन टिळक नागपूर-राजनांदगाव वाटेवर रेल्वेत असताना एका अनोळखी गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला आणि आपल्या वाटेने गेला. १८९५ मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला. मुलांना मी ही गोष्ट निकोलसच्या लगेच पाठोपाठ सांगते. खिडकीतून थैली, आणि इथे डब्यातल्या बाकावर पुस्तक. एक मुलगी म्हणाली, "त्या गोऱ्याने चिठ्ठी पण नाही ठेवली."

शेवटी मागी, म्हणजे ताऱ्याच्या मागे पूर्वेकडून बाळाला भेटायला आलेले ज्ञानी लोक. ते तीन होते असं शुभवर्तमानात कुठेही नाही, भेटी तीन होत्या: सोनं, ऊद, गंधरस. आणि ते गोठ्यात नाही, घरात पोचले, म्हणजे उशिरा. म्हणून आमच्याकडे मागींच्या मूर्ती गव्हाणीपासून सगळ्यात लांबच्या खोलीतून निघतात आणि रोज थोड्या पुढे सरकतात. "आज मागी फ्रिजवर पोचले." "आज वॉशिंग मशिनवर मुक्काम." ६ जानेवारीला पोचतात. २६ ला मॉलमधलं झाड उतरवून तिथे संक्रांतीचे पतंग लागतात, आपल्या घरात मात्र सण अजून चालत असतो. तुमच्या धाकट्याला हे काम द्या, तो एकही दिवस विसरणार नाही. उलट एक मागी त्याच्या गाडीत बसलेला सापडेल.

या वर्षी सगळं करायला जाऊ नका. लेकीशी निकोलसचं बोलणं आणि घरात रिकामी गव्हाण, दोनच करा. तणस शहरात मिळत नाही अशी तक्रार दरवर्षी येते. गोकुळपेठेत किंवा तुमच्या जवळच्या फळवाल्याकडे मागा, संत्र्याच्या पेटीत घातलेलं वाळलं गवत तो फुकट देतो. घरात आणण्याआधी गच्चीवर एक दिवस उन्हात पसरा, मुंग्या असतात.